जपानी कवितेतील हिवाळा : अनुभूती की संकेत?

जपानी निसर्गकवितेविषयी मराठीत जे बोलले आणि लिहिले जाते त्यात एक गृहीतक इतके खोलवर मुरले आहे, की ते गृहीतक आहे याचेच भान उरलेले नाही. जपानी कवी निसर्गाकडे थेट पाहतो. त्याच्या आणि निसर्गाच्या मध्ये भाषा, परंपरा, विचार यांपैकी काहीही उभे राहत नाही. आणि त्या निखळ क्षणाची नोंद म्हणजे त्याची कविता, असे हे गृहीतक. हायकूच्या संदर्भात ते विशेष आग्रहाने मांडले जाते, परंतु त्याची व्याप्ती हायकूपुरती राहत नाही. बाराशे वर्षांची एक अत्यंत संस्कारित आणि ग्रंथनिष्ठ काव्यपरंपरा 'क्षणाचा साक्षात्कार' या एका पदात गुंडाळून ठेवली जाते आणि समीक्षकाची जबाबदारी तेथेच संपते. या गृहीतकाचा प्रतिवाद करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे आणि त्यासाठी हिवाळा हा एकच ऋतू कसोटीला घ्यावयाचा आहे.

हिवाळाच का? वसंतातील चेरीचा बहर आणि शरदातील चंद्र हे जपानी कवितेचे लाडके विषय. त्यांच्याभोवती संकेतांचे जाळे आहे हे साक्षात्कारवादीही थोड्याफार कुरकुरीनंतर मान्य करतो. पण थंडी ही तर अंगाला झोंबणारी गोष्ट. कुडकुडायला परंपरा लागत नाही. तेव्हा थेट अनुभूती जपानी कवितेत कोठे सापडायचीच असेल, तर ती हिवाळ्यात सापडली पाहिजे. ती तेथेही सापडत नसेल, तर हे गृहीतक अन्यत्र टिकण्याची शक्यता फार थोडी.

प्रारंभ एका साध्या मोजणीने करू. सम्राटाच्या आज्ञेने सिद्ध झालेला पहिला काव्यसंग्रह 'कोकिनशू' इ. स. 905 चा. त्याच्या वीस खंडांपैकी पहिले सहा ऋतूंचे. वसंताला दोन खंड आणि 134 कविता, शरदाला दोन खंड आणि 145, ग्रीष्माला एक खंड आणि 34, आणि हिवाळ्याच्या वाट्याला केवळ 29. त्यांतील बहुतेक हिमवर्षावावर, आणि अखेरच्या सरत्या वर्षावर. सुमारे तीनशे वर्षांनी, 1205 च्या सुमारास, 'शिनकोकिनशू' सिद्ध होतो तेव्हा हिवाळ्याच्या खंडातील कवितांची संख्या दीडशेच्या पुढे गेलेली असते. या तीन शतकांत क्योतोचा हिवाळा पाचपट लांबला नव्हता. बदलली होती ती काव्यदृष्टी. ओसाडपणा, फिकटपणा, रंगाचा अभाव यांत सौंदर्य पाहण्याची एक नवी रीत दरबारी कवींनी घडवली आणि हिवाळा काव्ययोग्य झाला. पुढे पंधराव्या शतकात शिंकेई या भिक्षू-कवीने गारठलेपणालाच काव्याच्या सर्वोच्च गुणांत स्थान दिले. म्हणजे थंडी होती तेथेच होती. तिचे मूल्य मात्र घडवले गेले. निसर्गाची थेट नोंद करणाऱ्या कवितेत असा इतिहास संभवत नाही.

या घडणीचे स्वरूप समजून घेण्यासाठी आपल्याला पाश्चात्त्य चिन्हमीमांसेच्या दारात ताटकळत उभे राहण्याचे कारण नाही. 'कोकिनशू'ची सिद्धता होत होती त्याच काळात कनौजच्या दरबारात राजशेखर वावरत होता, ज्याचे कुळ महाराष्ट्रातले मानले जाते. त्याने 'काव्यमीमांसे'त कविसमयाचा विचार मांडला आहे. शास्त्राला आणि लोकव्यवहाराला धरून नसलेले, तरीही कवींमध्ये परंपरेने चालत आलेले वर्णन म्हणजे कविसमय. त्याचे तीन प्रकार : जे नाही त्याचे वर्णन, जे आहे त्याचे अवर्णन, आणि जे अनेकत्र आहे त्याला एकाच ठिकाणी बांधणारा नियम. वसंतात मालती असली तरी कवी तिचे वर्णन करीत नाही. कोकिळ ग्रीष्मातही गात असला तरी कवितेत तो वसंतातच गातो. राजशेखर याला दोष मानत नाही, ही गोष्ट महत्त्वाची. पूर्वसूरींनी कोठेतरी, केव्हातरी पाहिलेले पुढे देशकाल बदलल्यावरही कवितेत चालू राहते, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. जपानी परंपरेत 'होन-इ', म्हणजे काव्यविषयाचा मूळ व उचित आशय, ही संकल्पना हेच कार्य करते. राजशेखराचे तीन प्रकार हाती घेऊन जपानी हिवाळ्याकडे पाहिले, तर काय दिसते?

प्रथम, जे नाही त्याचे वर्णन. 'कोकिनशू'तील हिवाळी कवितेत हिम हे पुष्कळदा फूल असते. निष्पर्ण फांदीवर साचलेल्या हिमात कवी बहर पाहतो, आकाशातून पडणाऱ्या हिमात पाकळ्या पाहतो. एका वस्तूत दुसरी पाहण्याच्या या युक्तीला 'मिताते' म्हणतात आणि तिचे मूळ चिनी दरबारी कवितेत आहे. म्हणजे जपानी कवी येथे हिमाकडे पाहत नाही. तो हिमातून वसंताकडे पाहतो, आणि तेही चिनी चष्म्यातून. याहून बोलके उदाहरण फुजिवारा तेइकाचे. सानो येथील उतारावर हिम पडत असलेल्या संध्याकाळी घोडा थांबवून बाह्या झटकायलाही आडोसा नाही, हा त्याच्या एका विख्यात कवितेचा आशय. ही कविता 1200 साली, सम्राटपद सोडलेल्या गोतोबाच्या आज्ञेवरून रचलेल्या शतकातली आहे; तिच्यामागे प्रवासाची नोंदवही नाही, 'मान्योशू'तील एक जुनी कविता आहे. त्या मूळ कवितेत हिम नाही, पाऊस आहे. तेइकाने पाऊस काढला आणि हिम ठेवले. जपानी हिवाळ्यातील सर्वांत प्रख्यात हिमवर्षावांपैकी एक अशा रीतीने आकाशातून नव्हे, संहितेतून पडलेला आहे. त्याने कवितेचे मोल उणे होत नाही. उणे होते ते साक्षात्कारवाद्याचे प्रतिपादन.

दुसरा प्रकार नियमाचा. 'शिगुरे' म्हणजे शरदाच्या अखेरीस आणि हिवाळ्याच्या आरंभी येऊन जाणारी, क्षणात थांबणारी सर. 'मान्योशू'त ती पाने रंगवणारी शरदातील सर आहे. दहाव्या शतकापासून ती क्रमाने हिवाळ्याच्या आरंभाशी बांधली गेली आणि पुढे जवळपास त्याचे चिन्हच झाली. ही सर मुळात क्योतोच्या खोऱ्यातली, उत्तरेकडील डोंगर ओलांडून येणाऱ्या ढगांची. एदोचा, म्हणजे आजच्या तोक्योचा, हिवाळा कोरडा आणि स्वच्छ उन्हाचा असतो. तरी एदोतील कवी शिगुरे लिहीत राहिले. चंद्राचेही तसेच. नुसता 'चंद्र' म्हटला की तो शरदातला. हिवाळ्यातल्या चंद्राला 'हिवाळी चंद्र' अशी स्वतंत्र ओळख सांगावी लागते. वर्षाच्या सुरुवातीचे उदाहरण तर याहून मार्मिक आहे. जुन्या पंचांगात नववर्ष वसंताच्या उंबरठ्यावर येत असे. 1873 पासून जपानने पाश्चात्त्य दिनदर्शिका स्वीकारली आणि नववर्ष ऐन हिवाळ्यात येऊन पडले. तेव्हा 'साइजिकी' या ऋतुशब्दांच्या कोशांनी काय केले? त्यांनी नववर्षाचा एक स्वतंत्र, पाचवा विभाग केला. निसर्गात चार ऋतू आणि कोशात पाच! शासनाचा एक निर्णय ऋतूंची संख्या वाढवू शकत असेल, तर त्या ऋतूंना केवळ निसर्गाचे म्हणणे अवघड आहे.

तिसरा प्रकार, जे आहे त्याचे अवर्णन, हा सर्वांत गंभीर. आठव्या शतकाच्या पूर्वार्धात यामानोउए नो ओकुरा याने दारिद्र्याविषयी एक संवादरूप दीर्घ कविता लिहिली. ती 'मान्योशू'च्या पाचव्या खंडात आहे. पावसात मिसळलेले हिम पडणारी रात्र, मिठाचा खडा चोखत मद्याचा गाळ पिणारा खोकलेला माणूस, त्याच्याहूनही दरिद्री असा दुसरा, उघड्या जमिनीवर पसरलेले गवत, भात शिजवण्याच्या भांड्यात कोळ्याचे जाळे आणि दाराशी चाबूक घेऊन आलेला गावप्रमुख : हा हिवाळा जपानी कवितेत होता. दीडपावणेदोनशे वर्षांनी 'कोकिनशू'ने ऋतूंची विभागणी केली तेव्हा तो बाहेर राहिला. एकतीस अक्षरांच्या रचनेत तो मावत नव्हता हे खरे. परंतु काय मावावे हे ठरवणारी रचना दरबारानेच मध्यवर्ती केली होती, हेही तितकेच खरे. इ. स. 1000 च्या सुमारास सेई शोनागोन हिने आपल्या 'उशाशेजारच्या पुस्तका'त न शोभणाऱ्या गोष्टींची एक यादी दिली आहे. तीत हलक्या लोकांच्या घरांवर पडलेले हिम येते. हे विधान क्रूर आहे. त्याहून अधिक ते प्रामाणिक आहे. हिम कोणाच्या छपरावर पडले म्हणजे सुंदर ठरते, हे ते उघडपणे सांगते.

आणि भूगोलाचे काय? सायबेरियाकडून येणारे वारे जपानच्या समुद्रावरून बाष्प घेऊन होन्शू बेटाच्या पश्चिम बाजूच्या डोंगरांवर आदळतात आणि तेथे माणूस बुडेल इतके हिम पडते. एचिगो, म्हणजे आजचा निइगाता प्रांत, हा त्यातला. तेथील शिओझावा गावचा कापडव्यापारी सुझुकी बोकुशी हा स्वतः हाइकाइ लिहिणारा. त्याचा 'होकुएत्सु सेप्पु' हा एचिगोच्या हिमावरील ग्रंथ 1837 पासून प्रसिद्ध होऊ लागला. त्यासाठी त्याला एदोतील लेखक-प्रकाशकांकडे सुमारे चाळीस वर्षे खेटे घालावे लागले. उबदार प्रदेशातील लोक थोडेसे हिम पडले की मद्य आणि कविता घेऊन ते पाहायला बसतात. आमच्याकडे हिम म्हणजे छपरे उपसणे, घरे गाडली जाणे, हिमलोटाखाली माणसे मरणे, हा त्याच्या प्रतिपादनाचा गाभा. बोकुशीच्या ग्रंथाला मी जपानी काव्यशास्त्राचा एक अनधिकृत ग्रंथच मानतो. 'होन-इ' ही राजधानीची असते, एवढे एकच वाक्य त्याने न लिहिता सिद्ध केले आहे.

मग हे 'थेट निरीक्षण' आले कोठून? त्याचा इतिहास फार जुना नाही. 1898 मध्ये मासाओका शिकी याने 'कोकिनशू'वर आणि त्याच्या संपादकांपैकी प्रमुख असलेल्या त्सुरायुकीवर कठोर हल्ला चढवला. 'शासेई', म्हणजे जीवनावरून रेखाटन, हे त्याचे तत्त्व पाश्चात्त्य चित्रकलेच्या प्रभावातून आलेले होते. 'हायकू' हे नाव रूढ केले तेही त्यानेच. म्हणजे निखळ निरीक्षण हे जपानी कवितेचे सनातन सार नसून मेइजी काळातील एका बंडखोराचे आधुनिक घोषवाक्य आहे. आणि त्याची स्वतःची साक्ष काय सांगते? 1896 मध्ये, क्षयाने मणका पोखरलेल्या अवस्थेत, अंथरुणावरून त्याने हिमावर हायकू लिहिले. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध रचनेत हिम दिसतच नाही. ते किती साचले, हे तो पुनःपुन्हा विचारतो एवढेच आहे. निरीक्षणवादाच्या प्रवर्तकाची ही श्रेष्ठ हिमकविता न पाहण्याची कविता आहे.

शिकीच्या तत्त्वाला पुढे झेनची झूल चढली. दा. ते. सुझुकी यांच्या इंग्रजी लेखनातून आणि 1949 ते 1952 या काळात आलेल्या ब्लाइदच्या चार खंडांतून हायकू म्हणजे झेनचा उद्गार हे समीकरण जगभर पसरले. बाशोने झेनची साधना केली होती हे कोणी नाकारत नाही. पण त्यावरून एका संपूर्ण परंपरेला ध्यानधारणेचा परिपाक ठरवता येत नाही. गंमत अशी की ब्लाइदनेही आपले खंड ऋतूंनुसारच लावले : साक्षात्काराची पोथी, आणि तिची बांधणी कोशाची! 1968 च्या नोबेल भाषणात कावाबातांनी दोगेनच्या ऋतुकवितेपासून आणि म्योएच्या हिवाळी चंद्रापासून सुरुवात करून हिम, चंद्र, फुले यांना जपानी मनाचे सार म्हणून जगापुढे ठेवले. 1994 मध्ये त्याच व्यासपीठावरून ओए केन्झाबुरो यांनी त्या भाषणाच्या शीर्षकालाच वळण देऊन 'संदिग्ध' जपानचा उच्चार केला, तो उगाच नव्हे. सौंदर्याचे राष्ट्रीय सार एकदा ठरले, की ओकुराचा खोकला आणि बोकुशीचे फावडे त्यात बसत नाहीत.

येथे दुसऱ्या टोकाच्या वाचनालाही अडवले पाहिजे. सारे संकेतच आहेत, असे एकदा सिद्ध झाले की काम संपले, असे मानणारी एक समीक्षा आपल्याकडे फोफावली आहे. बार्थने 1970 मध्ये 'चिन्हांच्या साम्राज्या'त हायकूला अर्थमुक्त चिन्हाचा नमुना ठरवले. साक्षात्कारवाद्याला जेथे परिपूर्ण अर्थ दिसतो तेथे बार्थला रिक्तता दिसते. दोघांनाही इतिहास दिसत नाही, हे त्यांचे साम्य. संकेत हा कवितेचा शेवट नसतो. तो कवीला मिळालेला अवकाश असतो.

बाशोचेच पाहा. बाराव्या शतकात उदयास आलेल्या निजोइन नो सानुकी या कवयित्रीने आयुष्य कंठण्याचे कष्ट आणि छपरावरून सहज निघून जाणारी हिवाळ्याची पहिली सर यांना एकत्र आणले. 'सर पडणे' आणि 'काळ कंठणे' यांसाठी जपानीत एकच उच्चार असल्याने हे शक्य झाले. युद्धांनी पोळलेल्या पंधराव्या शतकात सोगीने तोच श्लेष घेऊन शिगुरेत मिळालेल्या क्षणिक आसऱ्यावर रचना केली. 1680 च्या दशकाच्या आरंभी बाशोने सोगीची जवळजवळ संपूर्ण रचना उचलली आणि एकच शब्द बदलला : 'शिगुरे'च्या जागी त्याने 'सोगी' हे नाव ठेवले. हिवाळी पावसाच्या या कवितेत आता पावसाचे नावच उरले नाही. थेट निसर्ग शोधणाऱ्या वाचकाच्या हाती येथे काही लागणार नाही. केवळ संकेत मोजणाऱ्याला एक उसनी ओळ सापडेल. पण ज्याला दोन्ही पूर्वकविता ऐकू येतात, त्याच्यासाठी पाचशे वर्षांचे भिजणे त्या एका नावात साठलेले आहे. पुढे बाशोच्या शिष्यांनी 'सारुमिनो' (1691) या संग्रहात ऋतुक्रम मोडून हिवाळा आरंभी घेतला आणि शिगुरेच्या तेरा रचनांनी ग्रंथ उघडला. 1694 मध्ये, चांद्रवर्षाच्या दहाव्या महिन्यात, बाशो मृत्यू पावला. त्याची पुण्यतिथी 'शिगुरे-की' या नावाने स्वतःच एक हिवाळी ऋतुशब्द झाली. कवी संकेताने लिहितो, आणि शेवटी संकेतात दाखल होतो.

इस्साचे वळण वेगळे. तो शिनानो प्रांतातील काशिवाबारा या हिमप्रदेशातल्या गावचा. वडिलार्जित घराच्या वाट्यावरून सावत्र भावाशी चाललेल्या दीर्घ कलहानंतर 1812 मध्ये तो गावी परतला. आपले अखेरचे घर म्हणून त्याने जे हिम पाहिले त्याची खोली त्याने मोजून सांगितली आहे : पाच शाकु, म्हणजे सुमारे दीड मीटर. राजधानीच्या कवितेत हिमाला माप नव्हते, कारण तेथे ते उपसायचे नव्हते. इस्साच्या त्या आकड्याचा आघात केवळ त्यालाच जाणवेल ज्याला मापरहित हिमाची परंपरा ठाऊक आहे. संकेत नाकारून त्याची कविता वाचता येत नाही आणि संकेतावर थांबूनही वाचता येत नाही.

आता आपल्याकडे वळू. जपानी कविता मराठीत बहुतांशी इंग्रजीमार्गे आली. शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला आणि त्याला स्वतःचा सूर दिला. त्या निर्मितीचे मोल येथे वादाचा विषय नाही. मराठी हायकूने ऋतुशब्दांचा कोश स्वीकारला नाही, हा कवींचा अधिकार. वाद आहे तो समीक्षेशी. कोशाविना लिहिलेल्या मराठी हायकूचे वर्णन ती बाशोच्याही कवितेला लावते, आणि शतकानुशतकांच्या संस्कारातून घडलेल्या कवितेला 'सहजस्फूर्त' म्हणते. तिला एकच प्रश्न विचारावासा वाटतो. महाराष्ट्रात हिम पडत नाही. हिमाचे जपानी हायकू वाचून मराठी वाचकाला जो अनुभव येतो, तो कोणत्या अर्थाने निसर्गाचा थेट अनुभव? तो संहितेचाच अनुभव आहे. 'शिगुरे'चा अनुवाद 'सर' असा केला, की आपल्या मनात काय उभे राहते? कार्तिकातला गारठा नव्हे, श्रावण. हा श्रावणही आपण आकाशापेक्षा कवितांतून, पाठ्यपुस्तकांतून अधिक शिकलो आहोत. म्हणजे स्वतःच्या संकेतव्यूहात आपण अंतर्बाह्य भिजलेले आहोत, आणि दुसऱ्याच्या संकेतव्यूहाला मात्र निरागस निसर्ग म्हणत आहोत. एखाद्या संस्कृतीला तिची कृत्रिमता नाकारणे हा तिचा गौरव नव्हे. तिला इतिहास नाकारण्याचा तो एक सभ्य प्रकार आहे.

पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्याला आज हायकू शिकवला जातो तो तीन ओळींचा आकृतिबंध आणि एक 'क्षण' म्हणून. त्याऐवजी त्याच्यापुढे ओकुराची हिवाळी रात्र, 'कोकिनशू'च्या 29 कविता, तेइकाचे उसने हिम, बोकुशीची तक्रार आणि इस्साचे पाच शाकु एकामागून एक ठेवावेत, आणि सोबत राजशेखराचे तीन प्रकार द्यावेत. कोणता हिवाळा कवितेत आला, कोणता आला नाही आणि ज्याला यायचे होते त्याला काय मोडावे लागले, हे त्याला दिसू लागेल. क्षणाचे कौतुक मग त्याने खुशाल करावे; त्या क्षणामागे किती शतके उभी आहेत, हे तोवर त्याला कळलेले असेल.